साठीनंतरचे ॲलेक गिनेस : ओबीवान, स्मायली आणि आपले गोडबोले

जुना_प्रेक्षक (धागाकर्ता)

ब्रिटिश नट सर ॲलेक गिनेस यांचा विषय आपल्याकडे निघाला की गाडी 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या पुलावर येऊन थांबते, नाहीतर थेट 'स्टार वॉर्स'मधल्या ओबीवानपाशी. 'क्वाय' १९५७चा. त्यासाठी ऑस्कर मिळालं, १९५९ मध्ये 'सर' झाले, तेव्हा वय पंचेचाळिशीच्या आसपास. त्यापुढे हा माणूस आणखी साडेतीन दशकं कामं करत होता. मला बोलायचंय ते शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांबद्दल. माझं म्हणणं असं की गिनेस यांचं सगळ्यात मोठं काम साठी उलटल्यावर झालं, आणि ते पडद्यावर नाही, टीव्हीवर झालं.

आधीचं थोडक्यात. जन्म २ एप्रिल १९१४, लंडन. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) मध्ये एकाच खानदानातली आठ माणसं एकट्याने केली, त्यात एक बाईसुद्धा. नाक बदललं, मिशी बदलली, चाल बदलली की माणूस बदलला, अशी ख्याती. पण सत्तरचं दशक उजाडलं तेव्हा चित्रपटवाले त्यांना झगे आणि मुकुट घालायलाच बोलवायला लागले होते. पहिला चार्ल्स राजा, मार्लीचं भूत, तिसरा इनोसंट पोप, १९७३ मध्ये तर चक्क हिटलर. नाटकं जोरात होती, सिनेमात मात्र 'मानाचा पाहुणा' झाले होते.

अशात 'स्टार वॉर्स'चं स्क्रिप्ट आलं. अंतराळातली गोष्ट आहे म्हटल्यावर हे आपल्याला नको असं वाटलं, पण पानं उलटत गेले आणि थांबता येईना, असं त्यांनीच सांगितलंय. पैशांचं गणित तर दंतकथाच झालंय. मानधनाशिवाय नफ्यातले दोन टक्के ठरले होते. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दिग्दर्शक लुकासने खुशीत फोन करून अर्धा टक्का वाढवून देतो म्हटलं. पुढे निर्मात्याकडे ते कागदावर मागितलं तेव्हा अर्ध्याचा पाव झाला होता. १९७७ मध्ये पार्किन्सनच्या टीव्हीवरच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात हे सांगताना त्यांचा चेहरा बघा. तक्रारीचा सूर नाही, नुसती एक भुवई. त्या सव्वादोन टक्क्यांनी म्हातारपणाची ददात मिटवली. नको त्या भूमिकेला 'नाही' म्हणायची सोय झाली.

आणि मग १९७९. बीबीसीची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय', सात भाग. जॉर्ज स्मायली हा निवृत्त, जाडसर, बायकोने वाऱ्यावर सोडलेला हेर. आपल्याच खात्यातला फितूर शोधायचं काम त्याच्यावर येतं. मूळ कादंबरीकार जॉन ल कारेने गिनेस यांना विचारलं तेव्हा त्यांनी पत्राने कळवलं की मी काही तुमच्या पुस्तकातला गोल गरगरीत, दुहेरी हनुवटीचा माणूस नाही. ल कारेने ऐकलं नाही. खरा हेर बघायचाय म्हटल्यावर त्याने एमआयसिक्स या ब्रिटिश हेरखात्याचे निवृत्त प्रमुख सर मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी जेवणावर गाठ घालून दिली. जेवण झालं, ओल्डफील्ड उठून चालू पडले, आणि गिनेस लगबगीने बाहेर आले. का, तर ते पाठमोरे कसे चालतात, छत्री कशी धरतात ते बघायला! मग ल कारेला प्रश्न. असली भडक कफलिंक्स सगळेच हेर घालतात का? पेल्याच्या काठावरून बोट फिरवत होते, ते विष तपासत होते का?

आता गंमत बघा. एवढं टिपून घेतलं आणि पडद्यावर यातलं काय दाखवलं? जवळजवळ काहीच नाही. सात भागांत स्मायली कुणावर ओरडत नाही, धावत नाही. समोरचा बोलतो, हा ऐकतो. चष्मा काढतो, टायच्या रुंद टोकाने काचा पुसतो, परत चढवतो. तेवढ्यात आपल्याला कळतं की समोरचा खोटं बोललाय आणि ते याला समजलंय. ज्या नटाने आठ चेहरे केले त्याने पासष्टाव्या वर्षी चेहरा बंदच करून टाकला. माझ्या मते हाच त्यांचा कळस. ओबीवान ही फक्त पेन्शन.

बोला.

टवाळ_पोपट

धागा आवडला, पण शेवटचं वाक्य मागे घ्या राव. ओबीवान म्हणजे पेन्शन? मी सातवीत असताना व्हिडिओ कॅसेटवर बघितला होता. त्या पिक्चरमध्ये बाकी सगळे ओरडतायत, पळतायत, लेझर मारतायत, आणि हा एक म्हातारा शांतपणे अशा थाटात बोलतो की 'फोर्स' नावाची बाष्कळ कल्पना आपल्याला खरी वाटायला लागते. तो नसता तर सगळा डोलारा कोसळला असता. १९७८ला सहाय्यक अभिनेत्याचं नामांकन उगाच मिळालं नव्हतं.

आणि एक स्पष्टच बोलतो. त्याच पिक्चरच्या पैशावर आयुष्य काढायचं आणि त्यालाच नावं ठेवायची, हे मला कृतघ्नपणाचं वाटतं. शूटिंग चालू असताना मैत्रिणीला पत्र लिहितो की एक दिवसाआड गुलाबी कागदांवर नवीन भंगार संवाद येऊन पडतायत! भंगार होते तर सोडायचं ना.

सहजच

पोपटराव, पत्र खासगी होतं हो. ऑफिसात बसून तुम्ही बायकोला साहेबाबद्दल काय मेसेज करता ते छापलं तर?

त्यांची डायरी वाचलीत तर चित्र इतकं काळं-पांढरं नाही. १९७७ मध्ये सिनेमा पाहिल्यावर त्यांनी लिहिलंय की देखावा आणि तंत्र म्हणून थक्क करणारा आहे, लढाया जरा लांबल्यात. नंतरही म्हणाले की त्यात ताजेपणा होता, भल्या-बुऱ्याची चाड होती, मजा होती. त्रास सिनेमाचा नव्हता, सिनेमाभोवती जे उभं राहिलं त्याचा होता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलाचा किस्सा त्यांच्या १९९९च्या पुस्तकात आहे. बारा वर्षांचा गोड मुलगा, आई बरोबर. अभिमानाने सांगतो, मी 'स्टार वॉर्स' शंभरच्या वर वेळा पाहिलाय. गिनेस म्हणतात, माझं एक काम करशील? पुन्हा कधी बघू नकोस. पोरगं रडायला लागलं. आई भडकली, मुलाशी असं बोलतात का म्हणून. आता यात गिनेस चूक की बरोबर?

टवाळ_पोपट

चूक! शंभर टक्के चूक. बारा वर्षांच्या पोराला रडवणारा ओबीवान कसला?

पानसुपारी

मला त्या आईचं पटतं आणि गिनेसचंही पटतं. माझ्या घरी एकच कार्टून तीन वर्षं चालू होतं, मी असते तर गिनेसच्या पाया पडले असते.

ओबीवानला मधेच मारायची कल्पना कोणाची होती? आपणच लुकासच्या गळी उतरवली, म्हणजे उरलेले संवाद बोलायला लागू नयेत, असं त्यांनी नंतर सांगितल्याचं वाचलंय.

जुना_प्रेक्षक

हो, तसं ते म्हणाले होते. लुकासची बाजू वेगळी आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ठरवलं त्याने आणि गिनेस आधी नाराजच झाले होते. मला लुकासचं जास्त खरं वाटतं. म्हाताऱ्या नटाला मधेच मेलेलं आवडत नाही, आणि वीस वर्षांनी किस्सा सांगताना तो आपल्या बाजूने वळवायला मात्र आवडतं.

पोपटराव, कामात त्यांनी कुचराई केली नाही हे मान्यच. ट्युनिशियात पहिल्याच दिवशी नवाकोरा झगा घालून ते वाळूत लोळले असं सांगतात. वाळवंटात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाचे कपडे परीटघडीचे कसे असतील? बासष्टाव्या वर्षी, ऑस्कर घरात असताना, कोणी सांगितलेलं नसताना. 'पेन्शन' मी भूमिकेला म्हटलं, कामाला नाही.

गोडबोल्यांची_सून

धाग्याच्या नावात आमचं आडनाव आणि मजकुरात पत्ता नाही, म्हणून मीच लिहिते.

डेव्हिड लीनचा 'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४). त्यात गिनेस प्रोफेसर नारायण गोडबोले. ई. एम. फॉर्स्टरच्या मूळ कादंबरीतले गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण. वर्णन बघा : सुकलेले म्हातारे गृहस्थ, करडी मिशी, करडे-निळे डोळे, रंग युरोपियनांसारखा गोरा, फिकट जांभळा फेटा, कोट, जाकीट, धोतर आणि वर नक्षीचे मोजे. कोकणस्थ आहेत हे वेगळं सांगायला नको. लीनने बहुधा इथेच घात करून घेतला. गोरा आणि घारा आहे ना, मग इंग्रज चालेल! चालला नाही. कपाळावर गंध लावून, हात जोडून, पाय पोटाशी घेऊन बसलेला तो माणूस बघताना मला सारखं वाटत होतं की हे कोणीतरी गोडबोल्यांची नक्कल करतंय. आमच्या सासऱ्यांनी दहा मिनिटांत टीव्ही बंद करायला लावला.

पण दोष एकट्या गिनेसचा नाही. कादंबरीचा तिसरा भाग, 'मंदिर', उघडतोच गोडबोल्यांवर. मऊ संस्थानात गोकुळाष्टमीचा उत्सव चालू आहे, गोडबोले भजनी मंडळींत उभे राहून गातायत, नाचतायत. आणि गातायत काय? "तुकाराम, तुकाराम", तूच माझा बाप, तूच माय! चष्मा जाईच्या हारात अडकतो, सोबतचा सोडवून देतो, भजन चालूच. तंद्रीत त्यांना एकदाच भेटलेली म्हातारी इंग्रज बाई आठवते, मग एक गांधीलमाशी आठवते, आणि दोघींवर सारखंच प्रेम करता येतं का ते बघत राहतात. फॉर्स्टरने हे हवेतून आणलेलं नाही. १९२१ मध्ये तो देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांकडे खासगी सचिव होता. तिथली गोकुळाष्टमी त्याने डोळ्यांनी पाहिली. (हे तुकोजीराव म्हणजे शाहू महाराजांचे जावई, अक्कासाहेबांचे यजमान.) म्हणजे त्या भजनाचा उगम एका मराठा दरबारात आहे.

लीनने तो अख्खा भाग गुंडाळला आणि शेवट काश्मीरला नेला. गिनेस यांनी नाच शिकून घेतला होता, चित्रितही झाला, आणि संकलनात उडाला. मग गोडबोल्यांचं उरलं काय? गूढ बोलणारा आणि ऐनवेळी आगगाडी चुकवणारा विक्षिप्त म्हातारा. गाभा काढून घेतला तर नटाने काय करायचं? त्या कापाकापीनंतर 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'पासूनची लीन-गिनेस जोडी बिनसली.

काळा_चष्मा

सूनबाई, जबरदस्त प्रतिसाद. यात एक मीठ चोळतो. दोनच वर्षं आधी, १९८२च्या 'गांधी'त, गोपाळ कृष्ण गोखले कोणी केले होते? डॉ. श्रीराम लागू. कस्तुरबा रोहिणी हट्टंगडी, त्यांना बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. 'पॅसेज'मध्येही व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ होतेच. म्हणजे नट मिळत नव्हते ही सबब नाही. 'गांधी'तही मुख्य भूमिका बेन किंग्जलेकडे होती हे खरं, पण निदान गोखले मराठी माणसाने केले. लागू तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. फेटा, धोतर, जाकीट आणि ते थंड डोळे. लीनला पुण्याला एक फोन करता आला असता.

पानसुपारी

+१००. लागूंचे गोडबोले बघायला काय वाटेल ते दिलं असतं.

धुमकेतू

अवांतर : ब्रिटिश म्हाताऱ्यांनी उपखंडातली माणसं करायची यात क्रिस्टोफर ली यांनी १९९८ मध्ये जीना केले होते, आणि ती आपली सर्वोत्तम भूमिका असं ते स्वतः म्हणायचे. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली. त्यानंतर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सारुमन. त्यांच्यावर कोणीतरी लिहा.

जुना_प्रेक्षक

सूनबाई, तुमच्यामुळे धाग्याला वजन आलं. गोडबोले हे अपयशच, पण मला ते स्मायलीच्या उलट टोकाचं म्हणून महत्त्वाचं वाटतं. स्मायलीत बाहेरचं काहीच नव्हतं, सगळं आतलं. गोडबोल्यांत बाहेरचं सगळं होतं आणि आतलं कापून टाकलेलं. पाच वर्षांच्या अंतराने एकाच नटाकडून.

'टिंकर टेलर'ला नशिबानेही हात दिला, ते राहिलंच. सप्टेंबर-ऑक्टोबर १९७९ मध्ये ती लागली तेव्हा आयटीव्ही या प्रतिस्पर्धी वाहिनीवर संप चालू होता. लोकांना दुसरं फारसं बघायला नव्हतं. मालिका संपून महिना होत नाही तोच थॅचरबाईंनी संसदेत जाहीर केलं की राणीच्या चित्रसंग्रहाचे माजी प्रमुख अँथनी ब्लंट सोव्हिएत हेर होते! म्हणजे गोष्ट टीव्हीवरून उतरून वर्तमानपत्रात आली. १९८२च्या 'स्मायलीज पीपल'ला मग लोक टपूनच होते. दोन्हींसाठी बाफ्टा.

त्याचा शेवट बघितला नसेल तर हा परिच्छेद गाळा. बर्लिन, रात्र. ज्या सोव्हिएत हेरप्रमुख कार्लाला हरवण्यात आयुष्य गेलं तो पूल ओलांडून शरण येतोय. कार्ला म्हणजे पॅट्रिक स्टुअर्ट, दोन्ही मालिकांत मिळून एक अक्षर बोलत नाही. अनेक वर्षांपूर्वी दिल्लीच्या तुरुंगात स्मायलीने त्याला फोडायचा प्रयत्न केला होता, तेव्हा स्मायलीचा लायटर, बायकोने दिलेला, त्याच्याकडे राहिला होता. तो लायटर आता जमिनीवर पडतो. सहकारी म्हणतो, जॉर्ज, तू जिंकलास. गिनेस जे उत्तर देतात त्यात "जिंकलो का? हो, असेन" यापलीकडे शब्द नाहीत. आवाजात आनंद नाही, दुःखही नाही. एखाद्याने पावती तपासून खिशात घालावी तसं.

ल कारे म्हणायचा की यानंतर स्मायली माझा राहिला नाही, लिहायला बसलं की गिनेसचाच आवाज ऐकू येतो. लेखकाचं पात्र नटाने पळवलं.

पीटर्सफील्डवाली

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मी हॅम्पशरमध्ये राहते. गिनेस यांचं घर इथूनच जवळ, स्टीप मार्शला. पन्नासच्या दशकात बांधलं आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले, हॉलिवूडला राहायला गेले नाहीत. बायको मेरुला स्वतः नटी होती, लग्न १९३८चं. ५ ऑगस्ट २००० ला मिडहर्स्टला ते गेले, वय ८६, यकृताचा कर्करोग. मेरुलाबाई त्याच ऑक्टोबरमध्ये गेल्या. दोघांचं दफन पीटर्सफील्डलाच आहे.

ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी : ब्रिटिश लायब्ररीने २०१३ मध्ये त्यांचा दस्तऐवज विकत घेतला. नऊशेच्या वर पत्रं आणि डायऱ्यांचे शंभर खंड. तीसच्या दशकाच्या शेवटापासून मरेपर्यंत लिहीत होते. छापून आलेल्या म्हातारपणच्या डायऱ्याही मजेदार आहेत. बागेतली तळी, कुत्री, डोळ्यांची दुखणी, रेल्वेचा गोंधळ, शेक्सपिअर पुन्हा वाचणं, मधेच एखाद्या नटाला बारीक चिमटा. १९५६ मध्ये ते कॅथलिक झाले होते, त्यामुळे मिस्सा आणि उपासही येतात. 'स्टार वॉर्स'ची पत्रं मात्र त्यांना नकोशी व्हायची.

स्टुटगार्टचा_बाळ्या

इकडे जर्मनीत त्यांना ना ओबीवान म्हणून ओळखतात ना स्मायली म्हणून! १९८०चा 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' दर नाताळात टीव्हीवर लागतो. तिरसट सरंजामदार आजोबा नातवामुळे विरघळतात ती गोष्ट. माझी शेजारीण सत्तरीची आहे, ती दरवर्षी बघते आणि दरवर्षी रडते. आजोबा म्हणजे गिनेस.

सहजच

म्हणजे एकाला रडवायचं पाप आणि देशभर रडवायचं पुण्य, फिटंफाट.

टवाळ_पोपट

हा हा हा. चला, माफ केला.

पण सत्तरीनंतर काय केलं? गोडबोल्यांनी शेवट झाला असेल तर वाईट आहे.

जुना_प्रेक्षक

नाही नाही, झाला नाही. त्याच १९८४ साली चिचेस्टरला रंगमंचावर शेक्सपिअरचा शायलॉक केला. मग ग्रॅहम ग्रीनच्या कादंबरीवरून टीव्हीसाठी 'मॉन्सिन्योर किहोते'. १९८८चा 'अ हँडफुल ऑफ डस्ट' बघा. ॲमेझॉनच्या जंगलातला मिस्टर टॉड, वाट चुकलेल्या इंग्रजाला जन्मभर डिकन्स वाचून दाखवायला डांबून ठेवणारा. पडद्यावर फार वेळ नाही, पण त्या गोड आवाजाने अंगावर काटा येतो.

आणि 'लिटल डॉरिट' (१९८७), क्रिस्टीन एडझार्डचा, दोन भागांत सुमारे सहा तास. माझ्या यादीत स्मायलीच्या खालोखाल हाच. विल्यम डॉरिट कर्जापायी मार्शलसी तुरुंगात वर्षानुवर्षं काढतो आणि तिथे 'तुरुंगाचा बाप' म्हणून मिरवतो. नवीन कैद्यांकडून दक्षिणा घेतो, पण अशी की देणाऱ्यालाच उपकार वाटावेत. पुढे घबाड मिळतं, रोमला बड्या लोकांच्या पंगतीत बसतो, आणि तिथे भर जेवणात त्याचं डोकं सरकतं. उठून पाहुण्यांचं मार्शलसीत स्वागत करायला लागतो. आवाज तोच, ऐट तीच, हात तसाच पुढे. फक्त तुरुंग राहिलेला नाही. गिनेस तिथे वेडसरपणाचा अभिनय करतच नाहीत, अगदी नेहमीसारखं बोलतात, म्हणून ते बघवत नाही. या कामाला ऑस्करचं नामांकन होतं. बक्षीस केव्हिन क्लाइनला गेलं.

रंगमंचावरचं शेवटचं काम लंडनला, 'अ वॉक इन द वुड्स', १९८९ पर्यंत. शस्त्रकपातीवर वाटाघाटी करणारा सोव्हिएत मुत्सद्दी. बर्लिनची भिंत पडायच्या काही महिने आधी! १९९४ मध्ये 'कंपॅनियन ऑफ ऑनर' हा ब्रिटिश सन्मान. शेवटची भूमिका १९९६ची टीव्हीवरची, 'एस्किमो डे'.

गोडबोल्यांची_सून

'लिटल डॉरिट' शोधते. सहा तास सासऱ्यांना चालतील, डिकन्स आवडतो त्यांना. गिनेस आहेत हे आधी सांगणार नाही.

काळा_चष्मा

स्मायलीवर एवढं बोलताय, मग २०११च्या सिनेमातला गॅरी ओल्डमन? मला तर तोच जास्त आवडला. त्याचा स्मायली आतून चिडलेला आहे, गिनेसचा नुसता थकलेला वाटतो.

जुना_प्रेक्षक

थकलेला?! परत बघा. सात भाग. फोन बाजूला ठेवून.

पानसुपारी

झालं, पेटले. ओल्डमनसाठी वेगळा धागा काढा हो कोणीतरी, इथे आत्ता कुठे नीट चाललं होतं. आणि सूनबाई, सासरे कितव्या मिनिटाला ओळखतात ते नक्की कळवा.